रांगोळी आईची, परवानगी कुणाची?

(या भागात बोललेला हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी सरळ केली आहेत. बाकी जसं बोलले तसंच.)

आजचा विषय रोजचाच आहे, पण आपण त्याच्याकडे रोज बघत नाही. आपण सोशल मीडियावर जे टाकतो, म्हणजे फोटो, व्हिडिओ, चार ओळींचं काहीतरी, ते वापरायचा हक्क कुणाकुणाला असतो? आणि तो हक्क त्यांना दिला कुणी?

आधीच सांगते, मी वकील नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेक झाल्यापासून सहा-सात वर्षं कोड लिहितेय. त्यामुळे कायद्याबद्दल जे बोलेन ते कायदा वाचून, आणि यंत्राबद्दल जे बोलेन ते रोजच्या कामातून. सुरुवात मात्र माझ्या आईपासून.

आई साताऱ्यात असते. रोज सकाळी दारात रांगोळी काढते. २०१५ साली मी तिला फेसबुक काढून दिलं, आणि तेव्हापासून रोजच्या रांगोळीचा फोटो तिथे पडतो. खाली ती लिहिते, ‘१३ ते ७ ठिपके’, नाहीतर ‘१५ ते ८’. रांगोळीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव असतं. पोस्टचं सेटिंग पब्लिक. ते मीच करून दिलं होतं, का तर मावशीला दिसायला सोपं जावं.

२०२४ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. पितृपक्ष चालू होता. आईच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तुम्हाला पण आला असेल. इंग्रजीत ‘गुडबाय मेटा एआय’ अशा सुरुवातीची ती पोस्ट जगभर फिरत होती. भाव असा की, मी या कंपनीला माझे फोटो आणि माहिती वापरायची परवानगी देत नाही, हे कॉपी करून आपापल्या भिंतीवर टाका. मोठमोठ्या सेलिब्रिटींनीही ती शेअर केली. आईने पण टाकली. मला फोन करून म्हणाली, “अगं, तू पण टाक. नंतर म्हणशील, सांगितलं नाही.”

मी हसले. म्हटलं, “आई, त्याने काही होत नाही.” का होत नाही ते सांगायचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

मग दिवाळी आली. आमच्या गावातल्या एका दुकानाने दिवाळीची ऑनलाइन रांगोळी स्पर्धा ठेवली होती. दुकानाचं नाव घेत नाही. आईने दुकानाला टॅग करून फोटो टाकला. बक्षीस काही लागलं नाही. पण पाडव्याच्या दिवशी मावशीने तिला एक जाहिरात पाठवली. त्याच दुकानाची शुभेच्छांची जाहिरात, आणि पार्श्वभूमीला आईची रांगोळी. मधोमध जिथे तिने समई काढली होती, तिथे दुकानाचा लोगो. आणि खालचा कोपरा कापलेला. म्हणजे तिचं नाव गेलं.

आई पहिलं वाक्य काय बोलली? “पण मी तर ती पोस्ट टाकली होती ना?”

तर आजचा भाग म्हणजे आईला मी सप्टेंबरमध्ये जे सांगायला हवं होतं ते.

आधी त्या भिंतीवरच्या पोस्टबद्दल. ही पोस्ट नवी नाही. २०१२ च्या सुमारास तिचा जुना अवतार फिरत होता, आणि त्यात ‘रोम स्टॅट्यूट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा हवाला असायचा. हा करार आहे नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांबद्दलचा. त्याचा तुमच्या फोटोशी काडीचाही संबंध नाही. पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. खातं उघडताना तुम्ही एक करार मान्य केलेला असतो. कराराच्या एका बाजूने आपल्या भिंतीवर काही लिहिलं म्हणून करार बदलत नाही. भाडेकरूने दारावर पाटी लावली की ‘उद्यापासून भाडं निम्मं’, तर भाडं निम्मं होत नाही. तसंच.

आता त्या करारात असतं काय? बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या अटींमध्ये पहिलं वाक्य गोड असतं. तुम्ही टाकलेल्या मजकुराचे मालक तुम्हीच. हे खरंही आहे. मालकी जात नाही. पण पुढच्याच वाक्यात तुम्ही कंपनीला लायसन्स देता, म्हणजे वापरायची परवानगी. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या अटींमध्ये या परवानगीला पाच विशेषणं आहेत. एकेक घेऊया.

नॉन-एक्सक्लुझिव्ह. म्हणजे तुम्ही हीच परवानगी दुसऱ्या कुणालाही देऊ शकता. हे आपल्या फायद्याचं.

रॉयल्टी-फ्री. म्हणजे तुम्हाला पैसे मिळणार नाहीत.

वर्ल्डवाइड. कळलं.

ट्रान्सफरेबल. म्हणजे ही परवानगी कंपनी पुढे दुसऱ्याच्या हाती देऊ शकते. कंपनी विकली गेली तर तुमची परवानगी पण नव्या मालकाकडे जाते.

सब-लायसन्सेबल. हे सगळ्यात महत्त्वाचं. मराठीत सांगायचं तर पोटभाडेकरू ठेवायची मुभा. तुम्ही परवानगी दिली एकाला, आणि तो ती आणखी कुणाला देऊ शकतो. तुम्हाला न विचारता.

मग क्रियापदं येतात. साठवणे, वापरणे, वाटणे, बदलणे, कॉपी करणे, दाखवणे, भाषांतर करणे, आणि त्यावरून नवीन काही तयार करणे.

वाचून कुणालाही वाटेल की हे सरळ लुटणं आहे. इथे मला कंपन्यांची बाजू पण सांगायला हवी, कारण ही क्रियापदं मी रोज कोडमध्ये लिहिते.

आईने रांगोळीचा फोटो अपलोड केला की काय होतं? फोटोच्या प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवल्या जातात. एक मशीन बंद पडलं तर फोटो जाऊ नये म्हणून. झाली कॉपी. मग त्याचे लहानमोठे आकार बनतात, मोबाइलसाठी वेगळा, थंबनेलसाठी वेगळा. झाला बदल. मावशी नागपुरात आहे, तिला पटकन दिसावा म्हणून तो तिच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवला जातो, आणि तो सर्व्हर कदाचित दुसऱ्याच कंपनीचा असतो. झालं सब-लायसन्स. कुणी ‘सी ट्रान्सलेशन’ दाबलं की झालं भाषांतर. यातलं काहीही परवानगीशिवाय केलं तर कॉपीराइटच्या कायद्याने तो भंग ठरू शकतो. म्हणून इतकी लांबलचक परवानगी. ती नसेल तर ॲपच चालणार नाही.

मग बिघडतं कुठे? बिघडतं ते ‘कशासाठी’ या शब्दाशी. फेसबुकच्या अटींमध्ये याचंही उत्तर दिलेलं आहे. आमच्या सेवा पुरवण्यासाठी आणि सुधारण्यासाठी, असा त्याचा अर्थ. पुरवण्यासाठी, ठीक आहे. पण ‘सुधारण्यासाठी’? आणि ‘आमच्या सेवा’ म्हणजे कोणत्या? तर कंपनी ज्यांना सेवा म्हणेल त्या.

आम्हा प्रोग्रामर लोकांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. फंक्शनचं नाव तेच ठेवायचं आणि आतला कोड बदलायचा. बाहेरून कॉल करणाऱ्याला वाटतं, काही बदललं नाही. २०१५ मध्ये आईने ‘मान्य’ दाबलं तेव्हा सेवा म्हणजे मावशीला फोटो दिसणं. आज त्याच सेवेत चित्र काढणारं एआय मॉडेल बसतं. आईची परवानगी तीच आहे. परवानगीमागचं यंत्र बदललं.

हे ताणणं आजचं नाही. थोडा इतिहास बघूया.

फेब्रुवारी २००९. फेसबुकने अटी बदलल्या. आधी एक वाक्य होतं की तुम्ही मजकूर काढून टाकलात की आमची परवानगी संपते. ते वाक्यच गायब झालं. ‘कन्झ्युमरिस्ट’ नावाच्या साइटने ते पकडलं, प्रचंड आरडाओरडा झाला, आणि काही दिवसांतच कंपनीने जुन्या अटी परत आणल्या.

डिसेंबर २०१२. इन्स्टाग्राम. त्याच वर्षी फेसबुकने ते १ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर करून घेतलं होतं. नव्या अटींमध्ये असं आलं की एखादी कंपनी आम्हाला पैसे देऊन तुमचं नाव आणि तुमचे फोटो जाहिरातीत दाखवू शकेल, आणि तुम्हाला त्याचा मोबदला मिळणार नाही. लोक भडकले. नॅशनल जिऑग्राफिकने आपलं खातंच थांबवलं. तीन दिवसांत संस्थापक केव्हिन सिस्ट्रॉम यांनी जाहिरातीबद्दलचा तो भाग मागे घेतला.

आता गंमत बघा. जे इन्स्टाग्रामला करता आलं नाही, ते फेसबुक २०११ पासून करतच होतं. ‘स्पॉन्सर्ड स्टोरीज’. तुम्ही एखाद्या दुकानाचं पान लाइक केलंत की तुमचं नाव आणि फोटो लावून त्या दुकानाची जाहिरात तुमच्या मित्रांना दिसायची. अमेरिकेत लोक कोर्टात गेले. २०१३ मध्ये २ कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. दावा करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आले साधारण १५ डॉलर. पुढच्या वर्षी कंपनीने तो प्रकार बंद केला.

आता आईच्या प्रकरणाच्या जवळची दोन उदाहरणं. कारण आईचा फोटो फेसबुकने नाही, तिसऱ्याच माणसाने उचलला होता. पब्लिक पोस्ट आहे म्हणजे कुणीही घ्यावं, असं असतं का?

जानेवारी २०१०. हैतीमध्ये भूकंप झाला. डॅनियल मोरेल हे छायाचित्रकार तिथेच होते. त्यांनी फोटो काढले आणि ट्विटपिकवरून ट्विटरवर टाकले. एएफपी या मोठ्या वृत्तसंस्थेने ते उचलले आणि गेटी इमेजेसमार्फत जगभर दिले. मोरेल यांनी हरकत घेतली, तर एएफपीच कोर्टात गेली. म्हणणं काय? ट्विटरच्या अटींप्रमाणे तिथे टाकलेलं इतरांना वापरता येतं. न्यूयॉर्कच्या कोर्टाने २०१३ मध्ये हे मान्य केलं नाही. परवानगी ट्विटरला होती, एएफपीला नव्हती. ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर द्यायला लावले. फोटो होते आठ.

दुसरं उदाहरण एप्रिल २०२०. स्टेफनी सिंक्लेअर याही नामवंत छायाचित्रकार. मॅशेबल या साइटने त्यांचा एक फोटो ५० डॉलरला मागितला होता. त्या नाही म्हणाल्या. मग मॅशेबलने त्यांची इन्स्टाग्रामवरची पोस्टच आपल्या लेखात एम्बेड केली. कोर्ट आधी म्हणालं, चालेल, कारण सब-लायसन्स. तोच आपला पोटभाडेकरू. मग जूनमध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की एम्बेड करणाऱ्यांना आम्ही असं सब-लायसन्स देत नाही. त्याच महिन्यात न्यायाधीशांनी आपला निर्णय फिरवला आणि खटला पुन्हा उभा केला.

दोन्हींतून एकच गोष्ट घ्या. पब्लिक म्हणजे सगळ्यांना दिसणारं. सगळ्यांचं नव्हे.

हे अमेरिकेतलं. आपल्याकडे? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. तुम्ही स्वतः केलेलं काम तुमचं असतं, नोंदणीची सक्ती नाही. पारंपरिक ठिपक्यांची आकृती आईची नाही, ती कुणा एकाचीच नाही. पण त्यावरून तिने बांधलेली स्वतःची रचना आणि तिने काढलेला फोटो तिचा. त्या दुकानाला मी फोन केला तेव्हा तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, स्पर्धेच्या नियमांत आहे. सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे.” बघितलं तर खरंच होतं, सातवा नियम. पण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क पूर्ण दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच व्हावं लागतं. फोटो टॅग केला म्हणजे सही झाली का, हा वकिलांनी भांडायचा प्रश्न आहे.

आणि समजा सही असती, तरी कलम ५७ उरतं. मला स्वतःला हे कलम माहीतच नव्हतं. त्यात म्हटलंय की कॉपीराइट देऊन टाकला तरी दोन हक्क निर्मात्याकडेच राहतात. हे काम माझं आहे असं म्हणायचा. आणि त्या कामाची मोडतोड करून माझ्या मानाला धक्का लावला तर दाद मागायचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं मोठं ब्राँझचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. सरकारने ते १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं, त्यात ते खराब झालं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांना ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले अवशेष परत द्यायला लावले. याच कलमाखाली.

आता आईचा कापलेला कोपरा आठवा.

पण दुकान निदान दिसतं. फोन करता येतो, भांडता येतं. पुढचं प्रकरण असं आहे की त्यात कोपरा कुठे कापला गेला हेही दिसत नाही. एआयचं ट्रेनिंग.

आपल्या एआयसाठी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या पब्लिक पोस्ट वापरल्या, हे मेटाने २०२३ मध्येच सांगितलं होतं. नातेवाईक आणि मित्रांमधले खासगी मेसेज यासाठी वापरत नाही, असंही कंपनी म्हणते. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीपुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांना विचारलं गेलं, २००७ पासूनच्या सगळ्या पब्लिक पोस्ट घेतल्या का? उत्तर शेवटी ‘हो’ असं आलं. अठरा वर्षांखालच्यांची खाती वगळली, पण आईबापांनी पब्लिक ठेवलेले मुलांचे फोटो त्यात येतात, हेही मान्य केलं. बारशाचे फोटो टाकणाऱ्यांनी इथे थोडं थांबून विचार करा.

ऑस्ट्रेलियातल्या माणसाला नकार द्यायची सोय होती का? नव्हती. युरोपातल्या माणसाला होती. कारण तिथला कायदा. २०२४ च्या जूनमध्ये आयर्लंडच्या नियामकाने सांगितल्यावर मेटाने युरोपातलं काम थांबवलं. वर्षभराने, मे २०२५ मध्ये सुरू केलं ते आक्षेप नोंदवायचा फॉर्म देऊन. ब्राझीलच्या नियामकाने जुलै २०२४ मध्ये सरळ बंदी घातली, रोज ५० हजार रियाल दंडाच्या इशाऱ्यासह. कंपनीने लोकांना माहिती आणि नकाराची सोय द्यायचं मान्य केल्यावर ती बंदी उठली. कंपनी एकच, यंत्र एकच. आईसारख्याच एका बाईला नाही म्हणता येतं की नाही, ते ती कुठल्या देशात राहते यावर ठरतं.

भारतात काय? आपला डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा. त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की जी वैयक्तिक माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली, तिला हा कायदा लागूच नाही. उदाहरणही दिलंय, ब्लॉग लिहिताना सोशल मीडियावर स्वतःची माहिती जाहीर करणाऱ्या व्यक्तीचं. म्हणजे पब्लिक पोस्ट टाकलीत की या कायद्याची छत्री डोक्यावरून गेली. कॉपीराइट कायद्याची आहे, पण ट्रेनिंगबद्दल तिच्याखाली नेमकं काय येतं यावर आपल्या कोर्टात वाद सुरू आहेत.

“मग मी पोस्ट काढून टाकते,” आई म्हणाली. काढता येते. पोस्ट काढली की कंपनीची परवानगी संपते, त्यांच्या सर्व्हरवरूनही ती काही काळाने जाते. पण मॉडेल आधीच शिकलं असेल तर? मॉडेलमध्ये तुमचा फोटो फाइल म्हणून ठेवलेला नसतो. असंख्य आकड्यांमध्ये त्याचा थोडा थोडा परिणाम मिसळलेला असतो. आमटीत मीठ पडलं की ते वेचून काढता येत नाही, तसं. त्यावर संशोधन चालू आहे, पण रोजच्या वापरात नेमका तुमचा चिमूटभर भाग काढून देणं आज तरी जमत नाही.

आणि हे मीठ फुकटचं नाही बरं का. रेडिट कंपनी २०२४ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा तिने कागदपत्रांत सांगितलं की डेटा वापरू देण्याच्या करारांची एकूण किंमत २० कोटी ३० लाख डॉलर आहे. तो डेटा म्हणजे काय? लोकांनी एकमेकांना दिलेली उत्तरं. गळणारा नळ कसा दुरुस्त करायचा, कुठलं पुस्तक वाचायचं. म्हणजे बाजारात या लिहिण्याला भाव आहे. लिहिणाऱ्याचा त्यात वाटा नाही.

आता जरा अवघड भाग. माझा.

दोन नोकऱ्यांपूर्वी मी एका कंपनीत होते. लोक आपल्या घराचे, सजावटीचे फोटो टाकायचे असं ॲप. एका स्प्रिंटमध्ये माझ्याकडे एक तिकीट आलं. सेटिंग्जमध्ये एक टॉगल टाकायचं, ‘माझे फोटो प्रमोशनसाठी वापरू द्या’. काम छोटं, एका पॉइंटची स्टोरी. शेवटची ओळ होती, डीफॉल्ट व्हॅल्यू ट्रू. म्हणजे टॉगल आधीपासून चालू. ज्याला नको त्याने शोधत जाऊन बंद करायचं.

मी विचारलं का? नाही. दुपारच्या जेवणाआधी कोड लिहिला, टेस्ट लिहिली, रिव्ह्यूला टाकला. रिव्ह्यू करणाऱ्याने व्हेरिएबलचं नाव बदलायला सांगितलं. ट्रू का, असं त्यानेही विचारलं नाही. आधीच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी पण ट्रू. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. डेटाबेसमध्ये एक नवी रकाना-पट्टी आली आणि रात्रीतून सगळे ‘हो’ म्हणाले.

लिंक्डइनने सप्टेंबर २०२४ मध्ये नेमकं असंच केलं. एआय ट्रेनिंगचं टॉगल, आधीपासून चालू. एक्सनेही ग्रोकसाठी त्याच उन्हाळ्यात तेच केलं होतं, आणि नोव्हेंबरपासून तर ट्रेनिंगची परवानगी थेट अटींमध्येच लिहिली. ते वाचताना मला बाकीच्यांसारखा राग आला नाही. मला माझं तिकीट आठवलं. ‘मोठ्या कंपन्या’ म्हणतो आपण, पण ती ओळ टाइप करणारी कुणीतरी माझ्यासारखी असते, आणि तिला जेवायला जायचं असतं.

हे आईला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे त्या दुकानदाराने केलं तेच तू केलंस.” मी म्हटलं, “हो.” यावर मला अजून दुसरं उत्तर सापडलेलं नाही. आता मी एक करते. असं तिकीट आलं की डीफॉल्ट कोणी ठरवलं आणि का, हे तिकिटातच लेखी विचारते. दोनदा असं झालं. एकदा ते बदललं, एकदा नाही.

तर करायचं काय? चार गोष्टी.

एक. ज्या सेटिंग्ज आहेत त्या आजच बघा. लिंक्डइनवर डेटा प्रायव्हसीत जनरेटिव्ह एआयचं टॉगल आहे. एक्सवर प्रायव्हसी अँड सेफ्टीमध्ये ग्रोकचं आहे. फेसबुकवर जुन्या सगळ्या पब्लिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करता येतात. झालेलं ट्रेनिंग त्याने पुसत नाही, पण पुढचं थांबवता येतं.

दोन. स्पर्धा, हॅशटॅग, ‘आम्हाला टॅग करा’. भाग घेण्याआधी नियमांत ‘हक्क’ हा शब्द शोधा. एवढा एकच शब्द.

तीन. काम तुमचं असेल तर मूळ फाइल जपून ठेवा. नाव कोपऱ्यात नको, मध्यात कुठेतरी, कापता येणार नाही असं.

चार. ओरडा. खरंच. भिंतीवर कॉपी-पेस्ट करून नाही, जिथे ऐकू जाईल तिथे. २००९ मध्ये चाललं, २०१२ मध्ये चाललं. जुलै २०२५ मध्ये वीट्रान्सफरने फाइलींवर मशीन लर्निंगचा हक्क सांगणारी ओळ अटींत घातली होती, लोक चिडल्यावर तीही काढावी लागली. ब्राझील आणि युरोपात तर नियामकच उभे राहिले. आपल्या कायद्यातली ती ‘स्वतःहून जाहीर केलेली माहिती’वाली सूट अशीच राहावी का, हे विचारायला आपल्यालाही कुणी अडवलेलं नाही.

दुकानाचं काय झालं? त्यांनी आईला ५०० रुपयांचं व्हाउचर देऊ केलं. ती म्हणाली, “व्हाउचर नको. नाव घाला.” दोन दिवसांनी जाहिरात काढली गेली. दिवाळी तशीही संपली होती. नाव काही आलं नाही.

मला वाटलं होतं ती आता पोस्ट बंद करेल, निदान पब्लिकची फ्रेंड्स करेल. मी फोन हातात घेऊन बसले पण होते. ती म्हणाली, “राहू दे. पंढरपूरची एक बाई आहे, लातूरची एक आहे. माझी रांगोळी बघून काढतात आणि आपल्या दारातला फोटो मला पाठवतात. आधी विचारतात, ताई, काढू का? त्यांनी कुठे शोधायची मग?”

मी सेटिंग बदललं नाही. परवा मी गंमत म्हणून एका एआयला ‘१३ ते ७ ठिपक्यांची रांगोळी’ काढायला सांगितली आणि आईला दाखवली. चित्र रंगीत होतं, झगझगीत होतं. तिने चष्मा लावून ठिपके मोजले. मधल्या ओळीत ते अकरा होते, खालच्या ओळीत नऊ, आणि रेघा ठिपक्यांना सोडून भलतीकडेच गेल्या होत्या. म्हणाली, “बघून काढलीय, पण विचारलं नाही कुणाला.”

आज इथेच थांबते. तुमचा फोटो, तुमची कविता, तुमचा व्हिडिओ असा कुणी न विचारता वापरला असेल तर कळवा. आणि तुम्ही माझ्यासारखे ती ओळ टाइप करणारे असाल, तर तेही कळवा. नाव नाही सांगितलं तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.